डॉक्टरांची चांदी

अमेरिकेत, कॅरी गावातल्या आमच्या मराठी मंडळींत एक हृदयाचे डॉक्टर होते. ऐंशीच्या दशकात बाकीचे व्हीसीआर विकत घेत होते, तेव्हा हे लिलावांतून रोकोको शैलीतली जुनी फ्रेंच चांदी आणत. दार उघडताच म्हणत, "या, या! पण प्लीज, कपाटाला टेकू नका." मग शिंपल्यांच्या आकाराची ताटल्या-भांडी, वेलींत गुरफटलेले गुबगुबीत देवदूत, आणि तासभर व्याख्यान. जेवण कागदी प्लेटमध्ये.

एका रविवारी त्यांच्याकडे धोतर नेसलेले एक म्हातारे काका कोपऱ्यात बसले होते. "इंडियाहून आलेत," एवढीच डॉक्टरांनी ओळख करून दिली. व्याख्यान रंगात असताना काका उठले, एक सुरई उचलून त्यांनी नक्षीवरून अंगठा फिरवला.

"आत राळ भरून नक्षी ठोकलीय," ते हरखून म्हणाले. "हात चांगला होता गड्याचा. ही वेल तेवढी घाईत संपवलीय."

"काका, तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं.

"हुपरीत चाळीस वर्षं चांदीवर हेच केलं की. ह्याला डॉक्टर केला तो ह्याच ठोकण्यावर."

सगळे डॉक्टरांकडे बघायला लागले.

"बाबा, इट्स टू हंड्रेड इयर्स ओल्ड!" म्हणत त्यांनी सुरई वडिलांच्या हातातून काढून घेतली. मऊ फडक्याने वडिलांच्या बोटांचे ठसे नीट पुसले, ती कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं.

मग आमच्याकडे वळून म्हणाले, "हां, तर मी त्या काळच्या कारागिरांबद्दल सांगत होतो. काय रिस्पेक्ट होता त्यांना!"