डिंकबाई आणि बिस्किटांची घरं

शाळेत त्यांना सगळे डिंकबाई म्हणतात. खेळण्याचं चाक निघालं, बुटाचा तळ उचकटला, गोष्टीच्या पुस्तकातलं पान सुटलं, की मुलं तडक त्यांच्याकडे येतात. त्या ॲप्रनच्या खिशातून ट्यूब काढतात, चिकटवतात, आणि दोन बोटांनी दाबून धरून समोरच्या भिंतीकडे बघत राहतात. त्या वेळी बघणाऱ्याला वाटतं, ही बाई उभ्या उभ्या झोपली आहे.

बालवर्गाला त्या एकट्या. मुलं बावीस. नाक, बटणं, नाड्या, डबे, शू, रुसवे, सगळं त्याच दोन हातांतून जातं. किती वर्षं झाली विचारलं तर म्हणतात, "झाली बरीच." घरी गेल्यावर पाय उशीवर टाकून पडतात. लेक येऊन म्हणते, "आई, केसात काहीतरी पांढरं लागलंय."

"वयाचं असेल."

"वय चिकट नसतं गं."

लेक ओल्या फडक्याने ते पुसून काढते, तोवर आईचा डोळा लागलेला असतो.

या वर्षी त्यांनी मोठ्या बाईंकडे, म्हणजे मुख्याध्यापिकांकडे, एक मदतनीस मागितली. मोठ्या बाईंच्या टेबलाच्या काचेखाली दर वर्षीच्या बिस्किटांच्या घरांचे फोटो आहेत. त्यांनी काचेवर बोट ठेवलं. "अहो, इतकी सुंदर घरं एकटीने करून घेता मुलांकडून. तुम्हाला कशाला हवी मदतनीस?"

डिंकबाई फोटोंकडे बघत राहिल्या. सरळ भिंती, सरळ छपरं. स्वतःच्याच हाताने आपण फसलो, हे त्यांना तिथे उभ्या उभ्या कळलं.

ही घरं सुट्टीआधीच्या आठवड्यात होतात. स्वयंपाकघरातल्या मावशी सुंठ, दालचिनी आणि काकवी घालून पीठ मळतात, जाडसर लाटून ओव्हनमध्ये भाजतात. गरम आहे तोवर डिंकबाई सुरीने भिंती आणि छपरं कापतात. अंड्याचा पांढरा भाग आणि पिठीसाखर घोटून केलेलं आयसिंग हे त्यातलं सिमेंट. नियम एकच: भिंती उभ्या करायच्या, रात्रभर सुकू द्यायच्या, मग छप्पर चढवायचं. हा नियम चार वर्षांच्या माणसाला सांगून बघावा. तो मान डोलावतो आणि छप्पर ठेवतो. भिंती आधी हळूच बाहेर झुकतात, मग घर बसतं. मुलं घरी जातात. डिंकबाई मागे थांबून एकेक घर खरवडतात, पुन्हा उभं करतात, आतून आयसिंगचा जाड थर देतात. दुसऱ्या दिवशी आईबाप येतात, फोटो निघतात, वाहवा होते.

मावशींना हे सगळं माहीत. भिंती कापून झाल्यावर त्या ट्रे पुसत म्हणाल्या, "बाई, यंदा हात लावू नका. पडलेली तशीच राहू द्या. बघू दे मोठ्या बाईंना, बावीस पोरं आणि एक बाई म्हणजे काय होतं ते."

"आईबाप काय म्हणतील?"

"म्हणू द्या की. तुमची कंबर त्यांच्या घरी राहायला जाते का?"

डिंकबाई हसल्या. हसताना कंबर दुखली.

घरं बांधायच्या दिवशी वर्गभर साखरेचा चिकट धुरळा उडाला. एकाने आयसिंग भुवयांना लावलं, एकीने भिंत खाऊन टाकली आणि दुसरी मागायला आली. कोपऱ्यातल्या टेबलावर आजोबा बसला होता. हात पाठीमागे बांधून चालतो म्हणून चार वर्षांच्या त्या मुलाला सगळे आजोबाच म्हणतात. त्याने एकट्याने ऐकलं होतं. भिंत लावायची, धरून ठेवायची, फुंकर मारायची. बाकीच्यांची घरं बसून गेली तरी त्याच्या तीनच भिंती झाल्या होत्या. मग घरी जायची घंटा वाजली, शेजारच्याचं कोपर लागलं, आणि सगळं आडवं झालं. तो रडला नाही. "पडलं," एवढंच म्हणाला आणि हात पाठीमागे बांधून रांगेत उभा राहिला.

मुलं गेली. बावीस ढिगारे टेबलांवर पडले होते. डिंकबाईंनी पर्स खांद्याला लावली. दारापर्यंत गेल्या. तिथून आजोबाचं टेबल दिसत होतं. त्या परत आल्या, पर्स न उतरवताच वाकल्या आणि तेवढं एक घर उभं केलं. एकाने काय फरक पडतो, असं त्यांना वाटलं. खरं तर काही वाटण्याइतकी शक्तीच उरली नव्हती. हातांना सवय होती.

सकाळी आईबाप आले. एक बाबा दारातच म्हणाले, "हे काय, भूकंप झाला का?" मुलांना त्याचं काही नव्हतं. प्रत्येकाने आपला ढिगारा लांबून ओळखला. "हे माझं! ही माझी भिंत, मी चावलेली!" म्हणत त्यांनी घरं खायलाच घेतली.

मोठ्या बाई आल्या, सगळीकडे नजर फिरवली आणि कोपऱ्यात थांबल्या. त्यांचा चेहरा उजळला. "हे बघा! हे कसं ताठ उभं आहे. म्हणजे नीट लक्ष दिलं की जमतं. मदतनीस ठेवण्याचा प्रश्न येतोच कुठे, बाई?"

आजोबा घराभोवती एक फेरी मारून आला. "हे माझं नाही," तो म्हणाला. "माझं पडलं होतं."

"तुझंच आहे रे राजा."

"पडलं होतं," तो पुन्हा म्हणाला. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. त्याला चूक दुरुस्त करायची होती.

सगळे डिंकबाईंकडे बघायला लागले. त्या म्हणाल्या, "ते मी उभं केलं. काल. आणि काचेखालची सगळी मीच. दर वर्षी."

एक आई पुढे आली. "म्हणजे आमच्या मोठीचं? मागच्या वर्षीचं? ते आम्ही अजून कपाटावर ठेवलंय."

"भिंती माझ्या," डिंकबाई म्हणाल्या. "वरच्या गोळ्या तिच्या."

ती बाई आपल्या धाकट्याचं तोंड पुसायला लागली, पुसून झालं तरी पुसत राहिली. डिंकबाईंना वाटलं, एवढं तरी नको होतं बोलायला.

गर्दी ओसरल्यावर मोठ्या बाई जवळ आल्या. "पुढच्या वर्षी तयार घरं मागवू. मुलं नुसत्या गोळ्या लावतील. प्रश्नच मिटला."

डिंकबाई मुलांच्या छोट्या खुर्चीवर बसल्या होत्या, गुडघे जवळजवळ हनुवटीला. न्यायला कुणी न आलेली एक मुलगी येऊन त्यांची बाही ओढायला लागली. "बाई, शी."

एरवी हा शब्द पुरा व्हायच्या आत त्या उठतात. आज पाय उठले नाहीत. हट्ट नव्हता तो. त्या स्वतःही पायांची वाट बघत होत्या. मुलगी एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचायला लागली. मोठ्या बाईंनी आधी डिंकबाईंकडे पाहिलं, मग मुलीकडे, आणि तिचा हात धरून तिला आत बाथरूममध्ये नेलं.

तेवढ्यात बाहेर वर्गात उरलेल्या दोन मुलांची एका छपरावरून जुंपली.

"अहो, हिची बटणं कुठे आहेत?" आतून आवाज आला.

"मागे. आत नाडी आहे."

"नाडीला गाठ बसलीय! आणि बाहेर कोण रडतंय?"

"दोघंही."

बऱ्याच वेळाने मोठ्या बाई बाहेर आल्या. दोन्ही बाह्या कोपरापर्यंत ओल्या होत्या. "रोज असं?"

"रोज."

मोठ्या बाई दुसऱ्या छोट्या खुर्चीवर टेकल्या. ती करकरली. "सकाळपुरती कुणी मिळते का बघते. सुट्टीनंतर," त्या म्हणाल्या. "पूर्ण दिवसाचं मात्र मागू नका."

डिंकबाईंनी मान हलवली. आनंद झाला असावा. पण तो उठून चेहऱ्यापर्यंत आला नाही.