गांडुळं बागेत सोडली

लोकांसमोर उभं राहायला मला लहानपणापासून जमत नाही. चौथीपर्यंत शाळेत गेले. गुरुजींनी कविता म्हणायला उभं केलं की मी पुस्तकाआड तोंड लपवायचे. लग्नकार्यात, विहारात, कुठेही गेले तरी मी मागच्या रांगेत बसते. त्यामुळे करोनाच्या दिवसांत एकमेकांपासून लांब राहायचा नियम आला, तेव्हा सगळ्यांना त्रास झाला आणि मला मात्र आतून बरं वाटलं. हे मी कोणाला बोलले नाही.

आम्ही दोघं, म्हणजे मी आणि आमचे हे, सुनेच्या बाळंतपणासाठी हॉलंडमध्ये न्यूनेनला मुलाकडे आलो होतो. नातू झाला, त्याचं बारसं घरातल्या घरात झालं, आणि परतायची वेळ आली तेव्हा विमानं बंद. पुढे कधी सुरू, कधी बंद. त्यातच दुसऱ्या हिवाळ्यात यांना करोना झाला. दवाखान्यात जायची वेळ आली नाही, पण ताप गेल्यावरही धाप काही जाईना. जिना चढून आले की पलंगावर बसायचे आणि बोट वर करून सांगायचे, थांब. एक वाक्य पूर्ण करायला दोनदा थांबावं लागायचं. जन्मभर एसटीत मेकॅनिक म्हणून राबलेला माणूस, इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवून बोलायची सवय. त्यांना असं अडखळताना बघवत नव्हतं.

त्यांना गावी जायचं होतं. भंडाऱ्याकडे आमचं घर कुलूप लावून ठेवलेलं. रोज विचारायचे, "तिकिटाचं काय झालं?" मुलगा म्हणायचा, "बाबा, आधी बरे व्हा."

वसंत संपता संपता मुलाने त्यांना मासे धरायची काठी आणून दिली. गावी तलावावर गळ टाकून बसायचा त्यांना फार नाद होता. इथे त्यासाठी पास लागतो. मुलाने दोघांचेही पास काढले, कारण यांनी दोनदा काठी फिरवली की दम लागायचा आणि बोटं थरथरायची. म्हणजे काठी धरायची मी, गांडूळ लावायचं मी, आणि सांगायचं यांनी.

दुपारी जेवायच्या सुट्टीत मुलगा आम्हाला गाडीने कालव्यावर सोडायचा आणि काम आटोपलं की न्यायला यायचा. घडीच्या दोन खुर्च्या असायच्या. मी अशी जागा शोधली होती की तिन्ही बाजूंनी उंच गवत आणि समोर पाणी. मागच्या रस्त्यावरून सायकली जायच्या, पण बसलेलं माणूस कोणाला दिसायचं नाही. गांडूळ लावून गळ टाकायचा आणि पाण्यावर तरंगणाऱ्या लाल बोंडाकडे बघत राहायचं. बोंड बुडालं की ओढायचं. हाताच्या पंजाएवढा मासा यायचा, अंगावर काळे पट्टे, खालचे पर लालभडक, पाठीला काटे. इथले लोक त्याला बार्स म्हणतात. पकडायचा, बघायचा आणि इथल्या रीतीप्रमाणे पाण्यात सोडून द्यायचा. पहिल्या दिवशी तो सोडताना आम्हा दोघांचाही जीव वरखाली झाला. रस्सा पाण्यात चालला होता.

गांडुळं दुकानातून डब्यात मिळायची. डबा थंड ठेवावा लागतो, म्हणून फ्रिजमध्ये. एक दिवस सून ओरडली, "आई, कोथिंबिरीच्या शेजारी काय हलतंय?"

"गांडुळं आहेत. यांची."

"बाबांची? आणि माझी कोथिंबीर?"

"डब्याला झाकण आहे गं."

"झाकणाला भोकं आहेत, आई!"

रात्रीच्या जेवणाला तिने विषय काढलाच. "बाबा, मासा तुम्ही सोडून देता. मग मरतं कोण? एकटं गांडूळ. सकाळी पंचशील म्हणायचं आणि दुपारी गांडूळ टोचायचं."

हे शांतपणे म्हणाले, "टोचते तुझी सासू. मी नाही."

सगळे हसले. मीही हसले.

मग मुलाने एक पारदर्शक डबी आणली. आत बोटाएवढे रबरी मासे होते, हिरवे, पांढरे, एक तर गुलाबी. तोंडात शिशाचा गोळा आणि त्यातून निघालेला गळ. मुलगा म्हणाला, "बाबा, याने एका जागी बसायचं नसतं. चार-पाच वेळा फेकायचं, नाही लागला तर थोडं पुढे जायचं, पुन्हा फेकायचं. मासा शोधत जायचं."

यांनी गुलाबी मासा शेपटीला धरून उलटा केला. "असल्या खेळण्याले फसायले तो मासा काय आपल्या नातवाएवढा हाय?"

डबी कपाटावर गेली. खरं सांगायचं तर मलाही ती नकोच होती. रबरी मासा फेकायचा म्हणजे गवतातून बाहेर मोकळ्यावर उभं राहायचं, सगळ्यांदेखत हात फिरवायचा, तोही साडीवर मुलाचं जाकीट घातलेल्या बाईने. माझी गवतातली खुर्ची मला पुरेशी होती.

जूनमध्ये डॉक्टरांचा व्हिडिओ कॉल आला. इथे घरचा डॉक्टर असतो, त्याला हाउसआर्ट्स म्हणतात. बाई बोलायला चांगल्या होत्या. त्यांनी विचारलं, रोज बाहेर पडतात का? मुलगा म्हणाला, हो, रोज कालव्यावर जातात. तिथे काय करतात? मुलगा म्हणाला, बसतात.

डॉक्टरबाई काय म्हणाल्या ते मुलाने नंतर मराठीत सांगितलं. बसून फुप्फुसं सुधारणार नाहीत. रोज कालच्यापेक्षा थोडं जास्त चालायला हवं. असेच राहिले तर एवढ्या लांबच्या विमानप्रवासाला त्या हो म्हणणार नाहीत.

"ऐकलं ना बाबा? चालायचं."

"कुठं जायचं हाय म्हणून चालू?" हे म्हणाले.

हा माणूस कामाशिवाय कधी चाललाच नव्हता. रिकामं फिरणं त्यांच्या लेखी बिनकामाच्या लोकांचं. दोन दिवस मुलाने हाताला धरून गल्लीत नेलं. कोपऱ्यापर्यंत जाऊन परत यायचे आणि भिंतीकडे तोंड करून निजायचे. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "मले इथंच मरायचं असंल तं तसं सांगा."

मी मेथी निवडत होते. माझ्या लक्षात आलं की त्यांना रोज खुर्चीत नेऊन बसवणारी मीच आहे. मला गवतात बसायला आवडतं, म्हणून तेही बसतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गांडुळांचा डबा मागच्या बागेत रिकामा केला. ती एकेक करत मातीत शिरली. कपाटावरची डबी पिशवीत टाकली आणि मुलाच्या कानात सांगून ठेवलं.

कालव्यावर उतरलो. गाडी निघून गेली.

"खुर्च्या कुठं हाय?"

"गाडीत."

"अन् गाडी?"

"गेली."

"गांडुळं?"

"सोडली बागेत."

ते बांधावरच्या एका दगडावर बसले आणि तोंड फिरवलं.

मी मोकळ्यावर उभी राहिले. हिरवा मासा लावला. दोरा बोटाने धरून ठेवायचा आणि हात पुढे आला की सोडायचा, असं मुलाने दाखवलं होतं. मी उशिरा सोडला. मासा माझ्या पायाशी आपटला. दुसऱ्यांदा लवकर सोडला, तर तो वर गेला आणि मागे जाकिटात अडकला. तेवढ्यात सायकलींचा घोळका आला. माझे कान तापले. एक म्हातारा थांबून काहीतरी चांगलं बोलला असावा, कारण तो हसत होता. मी मान खाली घातली आणि गळ सोडवत राहिले.

"अगं, मनगटानं... मनगटानं फेक," मागून आवाज आला. "भाकर... थापून राहिली का?"

मी चार वेळा फेकलं आणि मुलाने सांगितलं तसं पुढे गेले, वीसेक पावलं. पुन्हा चुकलं. ते दगडावरून ओरडत होते, पण आवाज पोचत नव्हता. शेवटी उठले. छातीवर हात ठेवून, थांबत थांबत माझ्यापर्यंत आले, फक्त एवढं सांगायला की रीळ उलटं फिरवतेस.

मी पुन्हा पुढे गेले.

तो उन्हाळा असाच गेला. मी पुढे, हे मागून रागावत. मला मुद्दाम चुकायची गरज कधी पडली नाही, इतकं ते मला जमत नव्हतं. रस्त्यावर कोणाला मराठी कळत नसे, तरी भर उजेडात नवऱ्याची बोलणी खात उभं राहायची लाज मला रोज नव्याने वाटायची. काही दिवस वाटलं, पुरे झालं, उद्या गांडुळं आणावीत. पण काल ज्या बाकावर ते टेकले होते, आज त्याच्या पुढे आलेले असायचे. मग मी पुन्हा तीच डबी पिशवीत टाकायचे.

जुलैत पहिला बार्स त्या गुलाबी माशाला लागला. ओठाला गळ, सहज सुटला. यांनी तो हातात घेऊन नीट बघितला. "इथला मासाच येडा हाय," म्हणाले आणि सोडून दिला.

सप्टेंबरात एक दिवस वारा होता. मी बरीच पुढे निघून गेले होते. फेकलेला मासा वाऱ्याने वळला आणि काठावर वाकलेल्या झाडाच्या फांदीला गुंडाळला. मी ओढलं, तर आणखी घट्ट. मागून हे येत होते, लांबूनच सुरू झालेले.

"तुले किती वेळा सांगितलं, वारा अंगावर आला तं तिकडं तोंड करून फेकायचं नाही, अन् फेकलंच तं दोरा ढिला सोडायचा नाही, पण तू सायकलवाल्यांकडं बघतेस अन् हात आखडून घेतेस, मग जाणार नाही तं काय तो झाडावर!"

बोलता बोलता ते माझ्याजवळ येऊन उभे राहिले. हात छातीवर नव्हता, मधे एकदाही थांबले नव्हते. त्यांच्या ते ध्यानातही नव्हतं, ते झाडाकडे बघत होते.

"पुन्हा म्हणा," मी म्हणाले.

"काय?"

"आत्ता बोललात ते."

"काऊन? ऐकू नाही आलं?"

"आलं. पुन्हा म्हणा."

त्यांना वाटलं मी चिडवते आहे. त्यांनी पहिल्यापेक्षा मोठ्याने, अख्खंच्या अख्खं पुन्हा ऐकवलं. सायकलवरून जाणाऱ्या दोन बायका वळून बघायला लागल्या. दोरा तसाच फांदीला अडकलेला होता, आणि मी काठी धरून रस्त्याच्या मधोमध ऐकत उभी होते.