तारीख मोठ्यानं वाचा, ताई

जुन्नरच्या पेठेत आमचं औषधांचं दुकान होतं. दोन हजार सालाच्या आसपास दर आठवडी बाजाराला एक तृतीयपंथी बाई डिंभ्याकडच्या एस.टी.तून उतरून थेट आमच्याकडे यायची. नाव मी कधी विचारलं नाही. सगळे तिला मावशी म्हणत. पदर खोचून ती खणखणीत आवाजात निरोध मागायची. आमची इभ्रतदार गिऱ्हाइकं हीच वस्तू घ्यायला आधी खोकल्याच्या गोळ्या मागत आणि दुकान रिकामं व्हायची वाट बघत. मावशी पाकीट कागदात गुंडाळूही द्यायची नाही. वाचता येत नसल्यामुळे म्हणायची, "ताई, तारीख वाचा. मोठ्यानं." मी वाचायचे आणि पुरुषमंडळी छताकडे बघायची.

एकदा एका बागायतदाराला चेव आला. "मावशे, तुला कशाला गं ह्ये? तुला काय दिवस जाणार हैत?"

मावशीनं शांतपणे पाकीट कमरेला खोचलं. "दर खेपेला ह्येच इचारता, भाऊ. रोग काय पाळणा बघून येत न्हाई. मला झाला तर तुमाला, आन् तुमच्याकडून घरी वहिनींना."

भाऊंनी घाईघाईनं अंगदुखीचा बाम उचलला आणि उरलेले पैसे न घेताच पळ काढला.

पुढच्या बाजाराला मावशीनं फक्त पावडरचा डबा मागितला. मी सवयीनं पाकीट काढलं.

"ऱ्हाऊ द्या, ताई. आता भाऊच मंचरहून आणत्यात." दारातून ती मागे वळली. "तारीख बी त्येंच्याकडूनच वाचून घेते. मोठ्यानं."