गाठी काढल्या, पिशवी ठेवली

अख्ख्या गल्लीची मापं घेणाऱ्या शिलाईताईने स्वतःचं माप कधी घेतलं नाही. घराची पुढची खोली हेच तिचं दुकान. पोट वाढायला लागलं तशी ती आपल्या कपड्यांची शिवण उसवायची, आत राखून ठेवलेलं कापड सोडायची आणि परत मशीनवर बसायची. आतलं कापड संपेपर्यंत तिला वाटत राहिलं, बसून बसून आपण जाड झालोय. पाळीत अंगावरून इतकं जायचं की उठताना डोळ्यांपुढे अंधारी यायची. पण गिऱ्हाइकाला शब्द दिलेला, मग कसलं दुखणं आणि कसलं काय! एकदा हातातल्या कात्रीसकट ती खालीच बसली, तेव्हा कुठे सासूबाईंनी तिला दवाखान्यात नेलं.

आता ती साठीला टेकली आहे. दुपारी मशीन थांबवून त्या दिवसांबद्दल बोलायला लागली, की तिला दुखणं आठवतच नाही. आठवतात त्या सासूबाई.

डॉक्टरीणबाईंनी चित्र काढून समजावलं होतं. गर्भपिशवीत गाठी होत्या, एक तर चांगली मोसंबीएवढी. कॅन्सरच्या नव्हत्या. पण इतक्या होत्या, की दुर्बिणीतून जमलं नसतं, पोट उघडावं लागणार होतं. नुसत्या गाठी काढल्या तर पिशवी राहील, मुलाची आशा राहील. मात्र गाठी पुन्हा होऊ शकतात. आणि ऑपरेशनच्या टेबलावर रक्त थांबलंच नाही, तर पिशवी काढावी लागेल. सगळी पिशवीच काढली तर हा त्रास कायमचा मिटेल, पण मूल विसरायचं.

लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि पाळणा हलला नव्हता. थोरली नणंद तावातावाने आली. "इतक्या वर्षांत झालं नाही, ते आता काय होणार? काढून टाका एकदाची!" नवरा वायरमन. चालू तारेला न घाबरणारा हा गडी बहिणीपुढे मात्र मूग गिळून बसला.

सासूबाईंनी चहाचा कप खाली ठेवला. "पोट कुणाचं आहे? मग तिला विचारा की!"

सगळे तिच्याकडे बघायला लागले. "मला पिशवी हवीय," ती म्हणाली.

गाठी निघाल्या, पिशवी राहिली. पुढची वर्षं तिने वाट बघण्यात काढली. दर पाळीला तिचा चेहरा उतरायचा. सासूबाई "जा, पड जरा," म्हणून स्वतः हुक लावायला बसायच्या. त्यांचे हुक इतके गच्च, की गिऱ्हाइकं म्हणायची, ब्लाउज घातला खरा, पण काढायचा कसा? दोघी हसून हसून बेजार व्हायच्या. इतकं हसणं त्या घरात पुन्हा कधी झालं नाही.

मूल काही झालं नाही. गाठी मात्र परत आल्या. चाळिशी उलटली होती. या वेळी तिने कुणाच्या सांगण्याची वाट न बघता डॉक्टरीणबाईंना सांगितलं, "आता पिशवीच काढा."

ऑपरेशन होऊन घरी आल्यावर ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. सासूबाई शेजारी येऊन बसल्या.

"आई, तेव्हा पिशवी ठेवली नि एवढी वर्षं फुकट घालवली का हो मी?"

"मलाही गाठीच होत्या," सासूबाई म्हणाल्या. "तुझा नवरा तेव्हा रांगत होता. सासूने आणि यांनी आपसात ठरवलं. पिशवी काढलीय, हे मला टाके काढताना कळलं. मी आपली अजून एका लेकराची स्वप्नं बघत होते."

शिलाईताईने कूस बदलून त्यांच्याकडे पाहिलं.

"फुकट कशी गं?" त्या तिच्या केसांवरून हात फिरवत म्हणाल्या. "तू वाट बघायचीस ना, तेव्हा तुझ्याबरोबर मीपण बघून घेतली."