हिरव्या वड्या

सांगलीच्या कॉलेजात मी वनस्पतिशास्त्रात संशोधन करत होतो, तेव्हा माझे दिवस पाणी हिरवं करण्यात जात. फ्लास्कमध्ये क्षारांचं पाणी भरायचं, तोंडाला कापसाचा बोळा बसवायचा, कुकरमध्ये वाफवून निर्जंतुक करायचं, निवलं की त्यात आधीच्या हिरव्या पाण्याचे थेंब सोडून ट्यूबलाइटखाली ठेवायचं. हळूहळू पाणी पोपटी व्हायचं, मग गर्द. त्या रंगात एकेका पेशीचे, नुसत्या डोळ्यांना न दिसणारे जीव असत. शेवाळाचीच एक जात, क्लोरेला.

माझं गाव माण तालुक्यात. तिथं मी नेमकं काय करतो हे कुणाला कळत नसे आणि मलाही सांगायला जमत नसे. थोरली बहीण त्याच गावात दिलेली. ती मात्र भेटेल त्याला सांगायची, "आमचा भाऊ सांगलीत नवं धान्य काढतोय." या शेवाळात डाळीपेक्षा जास्त प्रथिनं असतात, असं मीच तिला एकदा ऐटीत सांगितलं होतं.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. आमच्या सरांच्या डोक्यात तेव्हा एकच होतं, की हे शेवाळ भुकेवर उपाय ठरेल. सर शहरात वाढलेले, सरळ मनाचे. कॉलेजच्या गच्चीवर त्यांनी सिमेंटची उथळ टाकी बांधून घेतली. तिथलं हिरवं पाणी रोज ढवळायचं, शेवाळ गाळायचं, शिजवायचं, उन्हात वाळवून पूड करायची, हे काम माझं. सरांच्या पत्नीनं त्या पुडीत कणीक आणि गूळ घालून वड्या केल्या. सरांनी आणि मी एकेक वडी खाऊन पाहिली. चव माशांच्या पाण्यासारखी होती, पण आम्हाला काही झालं नाही.

"हे दुष्काळी भागातल्या लोकांना आवडतं का, ते बघायला हवं," सर म्हणाले. "तुझं गाव माणातच ना?"

मी हो म्हणालो. सर माझ्या घरी येणार याचाच मला आनंद झाला होता.

मायणीला गाडी बदलून आम्ही दुपारी पोचलो. बहिणीनं अंगण सारवून ठेवलं होतं. वीस-पंचवीस माणसं बसली होती, त्यांत बायाच जास्त, कारण बरेचसे पुरुष मुंबईला. सरांनी डबा उघडला. वड्या काळपट हिरव्या दिसत होत्या. सर प्रथिनांबद्दल बोलले, सोपं करून बोलले, आणि लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं.

मग बहिणीच्या चुलत सासूनं एक वडी उचलून हातावर घेतली. "सुकडीच हाय की ही. हिरवी सुकडी."

कुणी हसलं नाही. दुष्काळात खडी फोडायच्या सरकारी कामावर दुपारी सुकडी, म्हणजे गोडसर पिठाचा कोरडा खाऊ, मिळायची. समोर बसलेल्या प्रत्येकीनं ती खाल्ली होती. माझी बहीणही त्या खडीवर होती. मी त्या वर्षी साताऱ्याला वसतिगृहात राहून झाडांची नावं पाठ करत होतो. सुकडी मला फक्त ऐकून ठाऊक होती.

"कशात पिकतं हे?" एका म्हाताऱ्यानं विचारलं.

"पाण्यात," सर म्हणाले.

"आन् खत काय घालता?"

सरांना खोटं बोलता येत नसे. "थोडा युरिया."

म्हाताऱ्यानं हातातली वडी परत डब्यात ठेवली, अगदी हळू, पाहुण्याला वाईट वाटू नये अशा बेतानं. मग एकेक करून साऱ्यांनी तसंच केलं. चुलत सासू माझ्याकडे वळून म्हणाली, "बाळा, पाऊस झालाय रं औंदा. बाजरी हाय घरात." तिच्या आवाजात राग नव्हता. माझे कान तापले. मी मातीकडे बघत बसलो. सरांची लाज वाटत होती, गावाची वाटत होती, आणि ती वाटते याचीही वाटत होती.

तेवढ्यात बहीण पुढं आली. डबा मांडीवर घेऊन तिनं वडी खाल्ली, मग दुसरी, मग तिसरी. "ग्वाड हाय," ती म्हणाली. "लय ग्वाड." सरांचा चेहरा उजळला. मी तिला थांबवू शकलो असतो. तिच्याकडे मला बघवतच नव्हतं.

परतीच्या गाडीत डबा सरांच्या मांडीवर होता. विट्याच्या अलीकडे त्यांनी विचारलं, "तुझ्या बहिणीला खरंच आवडल्या का रे?"

"नाही सर," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि खिडकीबाहेर बघत राहिले. पुढं गच्चीवरची टाकी कोरडीच राहिली. आम्ही पुन्हा फ्लास्ककडे वळलो, पेशी कुठल्या उजेडात किती वाढतात एवढंच बघायला लागलो.

दिवाळीत दाजी बोलता बोलता म्हणाले, "तुमी गेल्यावर हिचं पोट लय बिघाडलं हुतं. दोन दिवस उठली न्हाई. तुमाला सांगू नका म्हणली." मी जेवत होतो. हातातला घास परत ताटात ठेवला.

पुढच्या वर्षी बहीण डोळे दाखवायला सांगलीला आली, तेव्हा मी तिला प्रयोगशाळेत नेलं. दारातच म्हणालो, "आक्का, त्या वड्यांचं..."

"पोटाला बाधत्यात हे आधी सांगितलं आसतंस तर एकच खाल्ली आसती," ती म्हणाली आणि आत शिरली.

मी काचपट्टीवर थेंब ठेवून तिला सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला सांगितलं. पहिल्यांदा तिला काहीच दिसेना. मी स्क्रू फिरवत राहिलो. मग ती एकदम स्तब्ध झाली.

"ही सारी जित्ती हायती?"

"हो."

"आन् तू त्यास्नी वाळवून दळत हुतास व्हय रं?"

ती डोळा न काढता बघत राहिली. डॉक्टरांची वेळ झाली, तरी तिला ऊठ म्हणायला माझी जीभ रेटेना.