शेरू कोंबडा आणि माझं पार्श्वसंगीत

येशूला पकडायला शिपाई येतात त्या प्रसंगाला मी दिलेलं पार्श्वसंगीत ऐकून आमच्या सासूबाईंनी विचारलं, “नवरदेव आला काय?”

चूक त्यांची नव्हती. मी मध्य प्रदेशातल्या बालाघाटात वीस वर्षं कीबोर्ड वाजवतो. लग्नं, भीमजयंती, शाळांची गॅदरिंग. त्यामुळे चार माणसं मशाली घेऊन चालत येताना दिसली, की माझा उजवा हात आपोआप शहनाईच्या बटणावर जातो. हाताला कुठे बायबल माहीत!

पण आधी सिनेमाचं सांगतो. मी बौद्ध, माझी बायको रोशनी ख्रिस्ती. (लग्नाला अकरा वर्षं झाली, दोन्हीकडच्या पाहुण्यांना आता एकमेकांच्याच घरचं जेवण जास्त आवडतं.) तिचा धाकटा भाऊ विल्सन मलाजखंडला एका ठेकेदाराकडे इलेक्ट्रिशियन आहे. त्याने सुट्ट्या साठवून मोबाइलवर पंचवीस मिनिटांचा सिनेमा काढला. गोष्ट पेत्राची. हा येशूचा शिष्य, ‘जीव देईन पण तुला सोडणार नाही’ म्हणणारा. येशूला पकडल्यावर मात्र घाबरून तीनदा म्हणतो, ‘मी त्याला ओळखत नाही.’ तेवढ्यात कोंबडा आरवतो, आणि पेत्र ढसाढसा रडतो. पेत्राचं काम विल्सननेच केलं, कारण मित्रमंडळीत स्वतःची दाढी असलेला तो एकटाच. गालील समुद्राचं काम वैनगंगेने केलं.

हा सगळा खटाटोप एका माणसासाठी होता. पेत्राची गोष्ट विल्सनला लहानपणी सासूबाईंनीच सांगितली होती, आणि दोन वर्षांपूर्वी काचबिंदूने त्यांची नजर गेली.

“जीजाजी, मायले आता दिसत नाही,” विल्सन मला म्हणाला. “तिले पिक्चर कानानंच पाहा लागते. तुमचं म्युझिक बिघडलं तं पिक्चरच गेला समजा.”

माझी छाती फुगली. त्यात थोडा स्वार्थही होता. अकरा वर्षांत सासूबाई माझ्या संगीताबद्दल एकच वाक्य बोलल्या होत्या: “जवाईबापू, आवाज कमी करता काय?” आता त्यांच्या तोंडून एक तरी बरा शब्द ऐकायचाच, असं मी ठरवलं. डोळ्यांना जे जे दिसलं असतं ते ते कानांना दाखवायचं! नाव हलली की बासरी, लाट आली की ढोल, मासा सापडला की घंटी. दर माशाला वेगळी घंटी.

“जाळ्यात मासे किती हायेत जी?” रोशनीने विचारलं.

“बावन्न.”

“देवा!” असं म्हणून ती स्वयंपाकघरात गेली. तिथेही तिला फार काही करता येत नव्हतं, कारण रेकॉर्डिंग सुरू असताना मी कुकर लावायला बंदी केली होती.

मग आला कोंबड्याचा प्रश्न. इंटरनेटवर आयते आवाज मिळतात, पण मला घरचा कोंबडा हवा होता. सासूबाईंचा शेरू होताच, लाल तुऱ्याचा आणि वाईट स्वभावाचा. दोन दिवस पहाटे मी त्याच्या खुराड्यापुढे माइक धरून बसलो. तो एका डोळ्याने माझ्याकडे आणि एका डोळ्याने माइककडे बघायचा आणि गप्प राहायचा. तिसऱ्या दिवशी मीच बांग दिली. समोरच्या घरातले काका उठून दूध आणायला निघाले, तेव्हा कुठे शेरूने, बहुधा माझी कीव येऊन, एकदाच पण खणखणीत बांग दिली. एका कोंबड्याने माझं काय होणार? मी घरी येऊन लॅपटॉपवर एकावर एक सोळा शेरू चढवले.

रविवारी प्रार्थनेनंतर भर दुपारी सासूबाईंच्या अंगणात मांडव टाकून सिनेमा लावला. घरचे, शेजारचे आणि चर्चचे पाळकसाहेब. बोलण्याचा आवाज टीव्हीतून आणि संगीत माझ्या लॅपटॉपवरून, लग्नातल्या दोन मोठ्या स्पीकरवर. (दोन्ही आधीच एकत्र करता आलं असतं, पण मग मला सगळ्यांसमोर बटणं फिरवत बसता आलं नसतं.) सासूबाई पुढच्या खुर्चीत, धुतलेलं पांढरं लुगडं नेसून, कान टवकारून. विल्सन मागे दारापाशी नखं खात उभा.

जाळ्यात मासे आले. बावन्न घंट्या वाजल्या.

“आइसक्रीमवाला आला वाटते,” सासूबाई म्हणाल्या. “लेकरायले घेऊन द्या.”

वादळ आलं, ढोल वाजले.

“सिलिंडरवाल्यानं टाक्या पाडल्या काय गं?”

शिपाई आले. नवरदेवाचं वर सांगितलंच आहे.

“माय, ते म्युझिक हाये,” रोशनी हळूच म्हणाली.

“कोणाचं?”

“ह्यायचं.”

“हं,” सासूबाई म्हणाल्या. त्या ‘हं’पेक्षा शिवी परवडली असती. मग त्या जरा पुढे वाकल्या आणि म्हणाल्या, “माह्या विल्सन कवा बोलते?”

विल्सन दहा मिनिटांपासून बोलत होता! माझ्या घंट्यांखाली, ढोलांखाली, शहनाईखाली. मला ते ऐकू आलं, समजलंही, आणि तरी मी आवाज कमी केला नाही. आता कोंबडा येणार होता ना! कोंबड्याने सगळं भरून निघेल, असं मला वाटलं.

पेत्र शेकोटीपाशी बसला. एकदा नाही म्हणाला, दोनदा नाही म्हणाला, तिसऱ्यांदा नाही म्हणाला. मी बटण दाबलं आणि अख्ख्या वॉर्डात सोळा शेरू एकदम आरवले.

खरा शेरू तेव्हा मांडवाच्या कडेला दाणे टिपत होता. त्याच्या अंगणात, त्याच्याच आवाजात, त्याच्याहून सोळापट मोठा कोंबडा शिरला होता. त्याने मान फुगवली आणि थेट स्पीकरवर झेप घेतली. मी “शेरू! शेरू!” म्हणत उठलो, तो लॅपटॉपवर आला. मी लॅपटॉप वाचवला, तो वायरींत अडकला. पाळकसाहेबांनी खुर्चीवर पाय वर घेतले. शेरूने एक हिसका दिला, बोर्डातून स्पीकरचा प्लग उपटला आणि तो प्लग पायात घेऊनच मांडवाबाहेर पळाला.

माझं संगीत मेलं.

आणि टीव्हीतून नुसता विल्सनचा आवाज आला. पेत्र रडत होता. शेकोटी तडतडत होती, लांब नदी वाहत होती, आणि एक माणूस आधी नाक ओढून, मग हुंदका गिळून, मग मोठ्याने रडत होता. मी दुसरी वायर घेऊन धावलो, तर रोशनीने माझं मनगट धरलं. तिने सासूबाईंकडे बोट दाखवलं.

सासूबाईंचा चेहरा फुलला होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या.

“हा माह्या विल्सन,” त्या म्हणाल्या. “लहानपणीही असाच रडे. आधी नाक ओढे, मंग रडे. विल्सन, कुठी हायेस रे? शूटिंगले काय आठवलं बाप्पा तुले?”

“काही नाही न माय,” दारातून विल्सन म्हणाला. “डोळ्यात ग्लिसरीन टाकलंतं.”

“ग्लिसरीननं नाक येत नाही. इकडे ये.”

तो गेला आणि त्यांच्या पायांशी बसला. त्यांनी त्याच्या चेहऱ्यावरून हात फिरवला, दाढीवर दोनदा. टीव्हीतला पेत्र रडून थांबला तरी खरा थांबेना. मीही तोंड वळवून वायर गुंडाळत बसलो. माझ्या डोळ्यांत तर ग्लिसरीनही नव्हतं.

सिनेमा संपल्यावर सासूबाईंनी मला हाक मारली.

“जवाईबापू, शेवटी शेवटी लय चांगलं वाजवलं तुमी.”

मी तोंड उघडलं. रोशनीने पायावर पाय दिला. मी “हौ माय” म्हणालो.

पुढे विल्सनने तो सिनेमा लालबर्र्याला दाखवला, कटंगीला दाखवला. मासे मी मुके केले, शिपाई बिनशहनाईचे आले आणि शेवटच्या चार मिनिटांत मी एक सूरही ठेवला नाही. सगळीकडे लोक येऊन हात हातात घेतात आणि म्हणतात, “शेवटचं म्युझिक तं काळजाले लागलं जी!” मी मान लववून धन्यवाद देतो. अकरा वर्षांनी सासूबाईंनी माझ्या संगीताची तारीफ केली खरी, पण तेव्हा प्लग कोंबड्याच्या पायात होता.