मारुतरावांच्या काचेपुढची जाळी

पद्मजा वाकनीस आर्किटेक्ट नाहीत. नव्या माणसाला त्या हे पहिल्याच वाक्यात सांगून टाकतात. आयटीआयमधून ड्राफ्ट्समनचा कोर्स करून शहाऐंशी साली त्या पिंपरीत हरिहर देव यांच्या ऑफिसात लागल्या. तेव्हापासून त्या लोकांची घरं कागदावर काढतायत. आधी शाईच्या पेनाने काढायच्या, पस्तिशी उलटल्यावर कॉम्प्युटर शिकल्या. आर्किटेक्ट देवसर. पण गिऱ्हाइकाच्या मनात काय आहे ते पद्मजाताईंना आधी कळायचं.

डांगे चौकातून थेरगावातल्या आपल्या घरी जाताना त्या वाटेवरच्या बंगल्यांची वयं सांगतात. "ही गोल बाल्कनी ब्याण्णवची. तेव्हा बाल्कनी गोल नसली तर लोकांना घर झाल्यासारखं वाटायचंच नाही. ते स्लॅबच्या डोक्यावरचं उतरतं कौलारू छप्पर नुसतं शोभेचं, दोन हजार सालचं. आणि हे चकचकीत पॅनेल मॉल आल्यानंतरचं." एवढं बोलून वर हसतात, "यातलं निम्मं पाप माझ्याच हातचं."

निघोज्याचे मारुतराव ऑफिसात आले ते मोबाइलमध्ये एक फोटो घेऊन. चाकणच्या एका कंपनीचं ऑफिस होतं ते, जमिनीपासून गच्चीपर्यंत निळसर काच.

"म्याडम, आमी आत जाऊन आलोय. काय थंडगार! आपल्यालाबी असंच पायजे."

"मारुतराव, त्यांच्या गच्चीवरची एसीची यंत्रं बघितलीत का? एकेक खोलीएवढं असतं. आणि तुमच्या घराचं तोंड पश्चिमेला आहे."

"तोंड रस्त्याला हाय. पश्चिमेचं मागनं बघू."

पद्मजाताईंनी देवसरांकडे पाहिलं. सर म्हणाले, "त्यांचं घर, त्यांची हौस. काढा." ताईंनी काढलं. दोन मजल्यांची काच उभी राहिली. माघात वास्तुशांत झाली, गाव जेवून गेलं, काचेपुढे उभं राहून लोकांनी फोटो काढले.

चैत्र संपता संपता मारुतरावांच्या सुनेचा, रुपालीचा फोन आला. "ताई, एकदा येऊन जाल का? आबा सांगायचे नाहीत, पण हॉलमध्ये कुणी बसत नाही हो."

पद्मजाताई मोशीपर्यंत बसने गेल्या आणि तिथून रुपालीच्या स्कूटरवर. पोहोचल्या तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. हॉलमधले जाड पडदे ओढलेले, त्यामुळे भर दुपारी दिवे लावलेले. दोन एसी घरघरत होते, तरी सोफ्याला हात लावला तर चटका बसत होता. आणि माणूस एकही नाही.

"सगळे कुठे गेले?"

"चला, दाखवते," म्हणून रुपाली त्यांना मागच्या गोठ्यात घेऊन गेली. तिथे मारुतराव बाजेवर घोरत होते, त्यांची बायको डाळ निवडत होती आणि पलीकडे दोन म्हशी रवंथ करत होत्या. गोठा मारुतरावांच्या वडिलांनी बांधलेला. वारा यावा म्हणून गवंड्याने भिंतीत एकाआड एक वीट गाळली होती. त्या भोकांमधून उन्हाचे लहान लहान तुकडे जमिनीवर पडले होते आणि मंद झुळूक येत होती.

पद्मजाताई तिथेच बसल्या. चहा झाला. मग पर्समधून टेप काढून त्या भिंतीतली भोकं मोजू लागल्या. टेपच्या आवाजाने मारुतराव जागे झाले.

"म्याडम, गोठा कशापायी मोजताय?"

"तुमच्या काचेपुढे तीन फुटांवर अशी जाळी बांधायची म्हणते. पडद्याचा उपयोग नाही, तोवर ऊन आत आलेलं असतं. त्याला बाहेरच अडवायला हवं. मधल्या जागेतून गरम हवा वर निघून जाईल."

मारुतराव ताडकन उठून बसले. "गोठ्याची भिंत माझ्या बंगल्याला? मंग लोकांस्नी काच दिसायची कशी?"

मग रुपालीच म्हणाली, "आबा, तुम्ही आता झोपला होता कुठं?"

सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. मारुतराव खालची बाज बघून स्वतःच खो खो हसत सुटले. "बांधा बाई बांधा! म्हशींस्नी जे कळलं ते मला उशिरा कळलं."

काम घेतलं ज्योतीराम गवंड्याने. लातूरकडचा हा माणूस वीस वर्षं चाकणच्या साइटांवर राबलेला. पण उघडी वीट म्हटल्यावर तोही बिचकला. "म्याडम, उघडी वीट लावून धा वर्सं झाली बघा. आता सगळं ब्लॉक, पुट्टी अन् रंग. वाकडं लागलं तरी झाकून जातंय. हितं झाकायचं कशानं?" पहिले दोन थर त्याने स्वतःच पाडले. विटाही सरळ कडांच्या लागत होत्या. ट्रकमधून आलेल्यांतली दर तिसरी तो बाजूला टाकायचा. देवसरांनी इंजिनिअरला दाखवून जाळीत सळया घालायला लावल्या.

नक्षी मात्र अंगणात ठरली. पद्मजाताईंनी कागदावर तीन प्रकार काढले होते. रुपालीने ते कोरड्या विटा जमिनीवर मांडून पाहिले, मग चौथा स्वतःच्या मनाने मांडला. प्रत्येक थरात वीट थोडी तिरकी, खालून वर वळत गेलेली. पद्मजाताई दोन वेळा त्याभोवती फिरल्या आणि म्हणाल्या, "माझे तिन्ही फाडून टाक."

जाळी पुरी झाली त्या दुपारी मारुतरावांनी पडदे स्वतःच्या हाताने बाजूला सारले. हॉलभर उन्हाच्या तिरक्या चांदण्या पडल्या. एक एसी बंद केला तरी कुणाच्या लक्षात आलं नाही. मारुतरावांनी बाज उचलून हॉलमध्ये आणली. सोफ्यापुढे ती अगदी विचित्र दिसत होती, पण कुणी अडवलं नाही. नक्षी कुणाची, असं पाहुण्याने विचारलं की ते सांगू लागले, "आमच्या सूनबाईची."

वर्षभरात आसपास अशा चार जाळ्या झाल्या. ज्योतीराम आता फक्त उघड्या विटेचीच कामं घेतो. गेल्या महिन्यात निघोज्याचाच विक्की नावाचा तरुण पद्मजाताईंकडे आला. त्यालाही जाळी हवी होती, समोरून, दोन मजली.

ताईंनी नकाशा पाहिला. "अरे, तुझं घर उत्तराभिमुख आहे. तिकडून ऊन येतच नाही."

"असू द्या ना मॅडम. लूक येतो."

पद्मजाताईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "बस," त्या म्हणाल्या. "चहा मागवते. आधी मला सांग, तुझी आई दुपारी कुठे बसते?"